बारकोड पैसे कुठे वाचवतो: दादरच्या एका खाऊ-मसाल्याच्या दुकानाचं प्रकरण

दुकान दादर पश्चिमेचं, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. गाळा २८० चौरस फुटांचा, वर पोटमाळा. माल म्हणजे गोडा मसाला, मालवणी मसाला, मेतकूट, भाजणी, लोणची, पापड-कुरडया, फरसाण, उपवासाचे पदार्थ, थोडं पूजेचं सामान, आणि सोबत कंपन्यांची बिस्किटं, चहा, साबण, अगरबत्ती. मालक नवरा-बायको दोघंही दुकानात असतात, कामाला चार माणसं. हे प्रकरण नमुन्याचं आहे. या भागातल्या अशा दुकानांचा कारभार जसा चालतो तसा धरून ते मांडलं आहे, आणि आकडे वाचकाला आपल्या दुकानाशी ताडून पाहता यावेत म्हणून गोल धरले आहेत.

बारकोडचं नाव काढलं की दुकानदाराच्या डोळ्यांसमोर येतो तो काउंटरवरचा स्कॅनर आणि भराभर होणारं बिल. बिल लवकर होतं हे खरं, पण छोट्या दुकानाचे पैसे तिथे फारसे वाचत नाहीत. ते वाचतात माल आत येतो त्या दारात. आलेला प्रत्येक नग कुठला, किती आणि कुठल्या तारखेपर्यंत चालणारा, हे तिथल्या तिथे नोंदलं गेलं तरच पुढचं सगळं जमतं. या दुकानात स्कॅनरवर जेवढा खर्च झाला त्याच्या कितीतरी पट मेहनत या दारावर घ्यावी लागली, आणि फळही तिथूनच मिळालं.

आधीचा कारभार

महिन्याची विक्री ९ लाखांच्या आसपास, वस्तू ७००. त्यांतल्या ४५० वस्तूंवर कंपनीचा छापील बारकोड होताच. उरलेल्या २५० वर काहीच नव्हतं. त्यांत ६० दुकानातच पॅक होणाऱ्या, ९० घरगुती उद्योगातल्या बायकांकडून येणाऱ्या, आणि १०० किरकोळ: उपवासाचं, पूजेचं, सुट्टं सामान. बिल संगणकावरच व्हायचं, पण वस्तूचं नाव टाइप करून.

नुकसान चार ठिकाणी होत होतं. मुदत संपून फेकावा लागणारा माल महिन्याला १४,००० रुपयांचा. चुकीच्या दराने बिल होऊन जाणारे ६,००० रुपये: मिरची महागली म्हणून मसाल्याचा दर २० रुपयांनी वाढवला, पण काउंटरवरच्या मुलाने यादीतली जुनी ओळ निवडली, असे प्रकार. किमतीच्या चिठ्ठ्या हाताने लिहून चिकटवण्यात एका माणसाचे रोजचे तीन तास. आणि दुकान-पोटमाळा मिळून ११ लाखांचा साठा, म्हणजे महिन्याच्या विक्रीहून जास्त. दादरमध्ये जागेचा भाव पाहता पोटमाळ्यावरचं न खपणारं प्रत्येक खोकं जागेचं भाडंही खात असतं.

आधी यादी, मग यंत्रं

काम जानेवारीत, संक्रांत उलटल्यावर सुरू केलं. पितृपक्षात दुकान रिकामं असतं म्हणून तेव्हा हात घालावासा वाटतो, पण त्यामागोमाग नवरात्र आणि दिवाळी येते. अर्धवट बसलेली पद्धत दिवाळीच्या गर्दीत मोडते आणि माणसं परत टाइप करायला लागतात. जानेवारीत सुरुवात केली की श्रावणातल्या उपवासाच्या मालावर तालीम होते आणि दिवाळीपर्यंत हात बसलेला असतो.

पहिले दहा दिवस एकही यंत्र विकत घेतलं नाही. फक्त वस्तूंची यादी साफ केली. संगणकात ‘मेतकूट १००’, ‘मेथकूट छोटे’ आणि ‘मेतकुट १०० ग्रॅम’ अशा तीन ओळी होत्या. पाकीट एकच, दर तीन. ज्याने जेव्हा वस्तू नव्याने भरली त्याने आपल्या मनाप्रमाणे नाव लिहिलं होतं. अशा दुहेरी-तिहेरी नोंदी काढल्यावर ९४० ओळींच्या ७०० झाल्या. नाव लिहिण्याचा एकच क्रम ठरवला: आधी पदार्थ, मग प्रकार, मग वजन. ‘लोणचं कैरी ५०० ग्रॅम’, ‘चकली भाजणी २५० ग्रॅम’. दर ओळीत एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी वस्तूचा वर्ग सांगणारा), जीएसटीचा दर, एमआरपी, खरेदीचा दर, पुरवठादार आणि किमान साठा भरला. ही मेहनत पुढे फार उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद फरसाणावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांची यादी नीट होती त्यांनी संध्याकाळी एका गटाचा दर बदलला आणि सकाळी दुकान उघडलं. ज्यांच्याकडे एकाच शेवेच्या चार ओळी होत्या त्यांना एकेक शोधत बसावं लागलं.

यादी एक्सेलमध्ये करताना एक सापळा आहे. कंपनीचा १३ आकडी क्रमांक टाकला की एक्सेल तो ‘८.९ई+१२’ अशा रूपात दाखवतं, आणि तशीच फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून जतन केली की शेवटचे आकडे शून्य होऊन बसतात. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं पुढचं शून्यही उडतं. म्हणून क्रमांक टाकण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करायचा. कंपनीच्या मालाचे क्रमांक हाताने टाइप करायचेच नाहीत, पाकिटावरून स्कॅन करून भरायचे.

क्रमांक कसा दिला

ज्या मालावर कंपनीचा बारकोड आहे त्यावर आपलं लेबल लावायचं नाही, तोच वापरायचा. हा ईएएन-१३, म्हणजे दुकानी मालावरचा नेहमीचा १३ आकडी बारकोड. त्याचे पहिले तीन आकडे ८९० असतील तर क्रमांक जीएस१ इंडियाकडे (बारकोडचे क्रमांक देणारी संस्था) नोंदलेला आहे एवढंच कळतं. माल भारतात बनला याचा तो दाखला नव्हे. शेवटचा, तेरावा आकडा तपासणीचा. डावीकडून पहिल्या बारा आकड्यांपैकी विषम जागांचे आकडे जसेच्या तसे, सम जागांचे तिपटीने, अशी बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. ८९०१२३४५६७८९ ची अशी बेरीज १३० येते, म्हणून शेवटी ०. स्कॅनर हा हिशेब दर वेळी करतो, त्यामुळे पट्ट्या खराब असतील तर तो वाचतच नाही, पण चुकीचं वाचणं फार क्वचित होतं.

उरलेल्या २५० वस्तूंना दुकानाचे स्वतःचे क्रमांक दिले: सहा आकडी, १००००१ पासून पुढे, ओळीने. क्रमांकात अर्थ भरायचा मोह टाळला. पहिले दोन आकडे मसाल्याचे, पुढचे दोन पुरवठादाराचे अशी रचना कागदावर छान दिसते, पण पुरवठादार बदलला की मोडते. क्रमांक हा नुसता क्रमांक असावा, बाकीची माहिती यादीत. दुकानाच्या आत फिरणाऱ्या या क्रमांकासाठी कुणाचीही परवानगी किंवा शुल्क लागत नाही.

दुकानात पॅक होणाऱ्या आणि घरगुती पुरवठ्याच्या मालावर सहा आकड्यांपुढे चार आकडे बॅचचे जोडले. एकाच चकलीची ३ तारखेची आणि १७ तारखेची पाकिटं त्यामुळे संगणकाला वेगळी दिसतात. मुदतीचा सगळा हिशेब या चार आकड्यांवर उभा आहे.

लेबल: मिलिमीटरचा हिशेब

छोट्या दुकानात बारकोड फसतो तो बहुतेक वेळा लेबलावर. प्रिंटर २०३ डीपीआयचा घेतला. म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके, एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. सर्वांत बारीक पट्टी पूर्ण ठिपक्यांचीच हवी: दोन ठिपके म्हणजे ०.२५ मिलिमीटर, तीन म्हणजे ०.३७५. सॉफ्टवेअरमध्ये बारकोडचं चित्र माउसने ओढून लेबलात बसवलं की पट्टी अडीच ठिपक्यांची होते, प्रिंटर कुठे दोन कुठे तीन ठिपके मारतो आणि स्कॅनर अडखळतो. पट्ट्या डोळ्यांना ठीक दिसत असतात, म्हणून दोष स्कॅनरला दिला जातो.

दुकानाच्या लेबलांसाठी कोड-१२८ हा बारकोडचा प्रकार घेतला. त्यात फक्त आकडे असतील, आणि तेही सम संख्येत, तर दोन-दोन आकडे एकाच खुणेत बसतात. त्यामुळे दहा आकड्यांना दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह ११० एकक रुंदी लागते (एक एकक म्हणजे सर्वांत बारीक पट्टीची रुंदी). तीन ठिपक्यांच्या पट्टीने ती होते ४१.२५ मिलिमीटर, म्हणून ५० × २५ मिलिमीटरचं लेबल घेतलं. क्रमांकात एखादं इंग्रजी अक्षर घातलं असतं तर रुंदी वाढून पट्टी दोन ठिपक्यांवर आणावी लागली असती. नुसते आकडे ठेवण्याचं हेही एक कारण. डाव्या-उजव्या बाजूची कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. तिच्यात एमआरपी किंवा चौकट घुसली की वाचन बंद.

प्रिंटर थर्मल ट्रान्सफर प्रकारचा, म्हणजे रिबनवाला: रिबनवरची शाई तापवून लेबलावर उतरवणारा. रिबनशिवाय चालणारी डायरेक्ट थर्मल लेबलं स्वस्त पडतात, पण उन्हाने, उष्णतेने आणि तेलाने काळी किंवा फिकी होतात. काउंटरच्या काचेतून ऊन येणाऱ्या आणि शेवेच्या तेलाचे हात लागणाऱ्या दुकानात ती कामाची नाहीत. क्रोमो कागदाची लेबलं आणि वॅक्स रिबन ही जोडी पुरते. लोणच्याच्या बरण्यांसाठी मात्र वॅक्स-रेझिन रिबनचा एक वेगळा रोल ठेवला, कारण तेल पुसताना वॅक्सची छपाई कापडाबरोबर निघते. महिन्याला साधारण ६,००० लेबलं लागतात. एका ओळीत दोन लेबलं, लेबल आणि फट मिळून २८ मिलिमीटर, म्हणजे ८४ मीटर. ३०० मीटरची रिबन साडेतीन महिने जाते.

लेबलावर मराठी नाव हवं होतं. प्रिंटरच्या आतल्या अक्षरांमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे थेट आदेश पाठवले की चौकोन उमटतात किंवा जोडाक्षरं सुटतात. विंडोजच्या ड्रायव्हरमधून मजकूर चित्र म्हणून पाठवला की ‘मेतकूट’ आणि ‘भाजणी’ नीट येतात. पट्ट्या मात्र चित्र म्हणून पाठवायच्या नाहीत, त्या प्रिंटरलाच काढू द्यायच्या.

लेबल चिकटण्याचं दुखणं पावसाळ्यात दिसलं. भरलेल्या, तेलकट पाकिटावर लावलेली लेबलं आठवड्यात कडेने सुटायला लागली. उपाय साधा निघाला: पाकीट रिकामं आणि सपाट असतानाच लेबल लावायचं, मग भरायचं, मग सील करायचं. याने आणखी एक फायदा झाला. ८० पाकिटांची बॅच असेल तर ८० लेबलं छापायची, आणि शेवटी उरलेली लेबलं मोजून फाडून टाकायची. उरलेली लेबलं ट्रेमध्ये पडून राहिली तर दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच चिवड्यावर लागतात. लेबलांचे रोल जून ते सप्टेंबर प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवायचे, ओल लागलेल्या रोलचा कागद फुगतो आणि छपाई तुटक येते.

लोणच्याच्या अरुंद बरणीवर लेबल आडवं लावलं तर कडेच्या पट्ट्या गोलाईमागे जातात. तिथे लेबल उभं फिरवून लावायचं, पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसल्या पाहिजेत. झाकणावर लेबल लावू नये, झाकणं अदलाबदल होतात. आणि प्रिंटरचं हेड दर नव्या रिबनला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं. हेडचा एक ठिपका मेला की लेबलभर बारीक पांढरी उभी रेघ येते, आणि ती नेमकी पट्टीवर आली तर सगळा रोल वाया जातो.

आवक: दारातलं टेबल

दुकानाच्या मागच्या दाराशी तीन फुटी टेबल टाकलं. नियम एकच: या टेबलावरून गेल्याशिवाय माल रॅकवर चढणार नाही. वितरकाचा माणूस खोकी ठेवून घाईने निघतो, समोर गिऱ्हाईक उभं असतं, आणि ‘नंतर नोंदवू’ म्हणून माल सरळ मांडला जातो. पद्धत मोडते ती याच क्षणी. म्हणून नोंद न झालेला माल लाल क्रेटमध्येच राहील असं ठरवलं. लाल क्रेटमधून विकलं तर मालकांनाही ऐकून घ्यावं लागे, आणि वहिनी, म्हणजे मालकीणबाई, ते ऐकवतही.

टेबलावरचा क्रम: चलन (मालासोबत आलेली यादी) आणि नग ताडायचे, एक नग स्कॅन करायचा, संख्या टाकायची, पाकिटावरची एमआरपी आणि बेस्ट बिफोर वाचून भरायची. कंपनीच्या ईएएनमध्ये मुदत नसते, ती डोळ्यांनी वाचावीच लागते. एमआरपीचंही तसंच. कंपनी भाव वाढवते, पण क्रमांक बहुधा तोच ठेवते. मग एकाच बारकोडची ४० रुपयांची जुनी आणि ४५ रुपयांची नवी पाकिटं एकत्र येतात. सॉफ्टवेअरमध्ये एकाच वस्तूला दोन एमआरपी ठेवायची सोय हवी, आणि स्कॅन केल्यावर दोन्ही समोर यायला हव्यात. टॅली, मार्ग, बिझी, व्यापार या सॉफ्टवेअरपैकी काहीही घ्या, पण घेण्याआधी हे एक काम करून दाखवायला सांगा. छापील एमआरपीहून जास्त घेणं हा गुन्हा आहे, आणि असा जास्त दर लागतो तो बहुतेकदा मुद्दाम नव्हे, याच घोळातून.

खोक्यावरचा बारकोड आणि आतल्या नगाचा बारकोड वेगळे असतात. खोकं स्कॅन करून संख्या १ टाकली आणि आत २४ नग निघाले की साठा २३ ने कमी राहतो. टेबलावर फक्त नगच स्कॅन करायचा ही शिस्त बरी. चार साबणांच्या पारदर्शक जुडीत उलटी अडचण येते: स्कॅनर आतल्या एका वडीचा कोड वाचतो आणि चार वड्या एकीच्या भावात जातात. अशा जुडीवर दुकानाचं लेबल आतल्या कोडवरच चिकटवलं.

घरगुती पुरवठा करणाऱ्या बायकांना लेबलं आधीच घरी द्यावीत असा एक विचार होता. तो सोडला, कारण पॅकिंगची तारीख ठरण्याआधी छापलेलं लेबल चुकीची मुदत सांगतं. माल आल्यावर मोजून, त्यांच्यासमोरच लेबलं छापतात आणि नोंदीची पावती देतात. पूर्वी महिन्याच्या हिशेबाला ‘दादा, कुरडयांची माझी पन्नास होती, तुम्ही सेहेचाळीसच धरलीत’ असा वाद हमखास व्हायचा. आता तो दारातच मिटतो, आणि पैसेही वेळेवर जातात, कारण कुणाचा किती माल खपला हे महिनाअखेरीला शोधत बसावं लागत नाही.

काउंटर: बिल बरोबर, साठा चूक

स्कॅनर दोन घेतले, दोन्ही इमेजर प्रकारचे, म्हणजे चौकोनी क्यूआर कोडही वाचणारे. साधा लेसर स्कॅनर स्वस्त असतो, पण जगभर किरकोळ विक्रीच्या काउंटरवर २०२७ अखेरपर्यंत चौकोनी कोड वाचता यावेत असा जीएस१ चा प्रयत्न चालू आहे. आज फक्त लेसर घेऊन ठेवणं शहाणपणाचं नाही. स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो: आकडे टाइप करतो आणि एंटर दाबतो. त्यामुळे कीबोर्डची भाषा मराठीवर राहिली असेल तर भलतंच उमटतं. स्कॅनर बिघडला म्हणून विकणाऱ्याकडे परत नेण्याआधी हे पाहावं.

खरा प्रश्न माणसाच्या सवयीचा. शेवेच्या पुडीतल्या सहा चवींचा एकच दर, ६० रुपये. गिऱ्हाईकाने सहा चवींच्या मिळून दहा पुड्या आणल्या की मुलगा एक पुडी स्कॅन करतो आणि संख्या १० टाकतो. बिल बरोबर, पैसे बरोबर, गिऱ्हाईक खूश. पण साठ्यात एका चवीतून दहा गेल्या आणि बाकी पाचांतून एकही नाही. महिनाभर असं झालं की संगणक सांगतो लसूण शेव संपली, आणि रॅकवर ती भरलेली असते. टोमॅटो शेव संगणकात ३० आहे आणि प्रत्यक्षात एकही नाही. मग मालक संगणकावरचा विश्वास सोडून पुन्हा अंदाजाने मागवतात, आणि साठा परत फुगतो. अशा दुकानांमध्ये बारकोड ‘जमला नाही’ म्हणून बंद पडतो, त्यामागे हे एक कारण सर्वांत मोठं.

यावर दोन उपाय केले. संख्या टाकायची खिडकी काउंटरवर बंद केली. एकसारख्या वीस साबणांसाठी ती मालकांच्या पासवर्डने उघडते. आणि रोज रात्री ‘वजा साठा’ यादी काढायला लागले. साठा वजा दिसतो म्हणजे एकतर आवक नोंदलेली नाही, नाहीतर एकाऐवजी दुसरं स्कॅन झालं. भाजणी चकली वजा १२ आणि बटर चकली जास्त १२ असं शेजारी-शेजारी दिसलं की कारण शोधावं लागत नाही. सुरुवातीला ही यादी रोज चाळीसेक ओळींची असे, तिसऱ्या महिन्यात तीन-चार ओळींवर आली. पद्धत बसली की नाही हे पाहण्याचं याहून चांगलं माप नाही.

नारळ, हळकुंड, सुट्ट्या वाती यांना लेबल लावणं शक्यच नाही. त्यांचे बारकोड एका कागदावर नावासह छापून, मॅट लॅमिनेशन करून काउंटरवर ठेवले. चकचकीत लॅमिनेशन ट्यूबलाइटखाली चमकतं आणि स्कॅनर वाचत नाही.

मुदत आणि मोजणी

दर सोमवारी पुढच्या तीस दिवसांत मुदत संपणाऱ्या मालाची यादी निघते. कंपनीचा माल असेल तर वितरकाला परतीसाठी फोन, कारण परत घेण्याच्या अटी मुदत उलटण्याआधीच्या असतात आणि बॅच व बिल दाखवावं लागतं. आपला माल असेल तर पुढच्या रॅकवर, कमी दराच्या चिठ्ठीसह. ही चिठ्ठी मूळ एमआरपी झाकेल अशी लावता येत नाही. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे कमी किमतीचं स्टिकर चालतं, पण मूळ किंमत दिसली पाहिजे. याच नियमांनुसार निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं पाकिटावर हवं, बारकोड त्याची जागा घेत नाही.

वर्षअखेरीला दोन रात्री जागून होणारी मोजणी बंद केली. रोज दुपारी, गर्दी नसताना, सत्तावीस वस्तू मोजायच्या, म्हणजे महिन्यात ७०० पूर्ण. मोजणाऱ्याला संगणकातला आकडा आधी दाखवायचा नाही. दिसला की हात तोच आकडा लिहितो.

खर्च आणि बचत

दोन स्कॅनर ९,००० रुपये, लेबल प्रिंटर १२,५००, यूपीएस ३,५००, पहिले रोल आणि रिबन ४,०००, यादी भरायला बाहेरचा माणूस १०,०००. एकूण ३९,०००. महिन्याचा चालू खर्च: लेबलं १,५००, रिबन आणि सफाई १००, सॉफ्टवेअर ६००, म्हणजे २,२००.

सहाव्या महिन्यातलं चित्र असं. फेकायचा माल १४,००० वरून ५,००० वर. दराच्या चुका ६,००० वरून १,५०० वर. साठा ११ लाखांवरून ९ लाख २० हजारांवर. मोकळ्या झालेल्या १ लाख ८० हजारांवर १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला १,८००. बेरीज १५,३००, चालू खर्च वजा जाता १३,१००. कागदावर तीन महिन्यांत पैसे वसूल होतात. पण पहिले दोन महिने बचत जवळजवळ शून्य असते आणि काम वाढलेलं असतं, म्हणून सहा महिने धरावेत.

चिठ्ठ्या लिहिण्याचे तीन तास सव्वा तासावर आले. हे पावणेदोन तास बचतीत धरलेले नाहीत. माणूस तोच आहे, पगार तोच आहे. त्या वेळात तो आवकीच्या टेबलावर उभा राहतो म्हणूनच बाकीची बचत होते. माणूस कमी करण्यासाठी बारकोड घेणाऱ्या छोट्या दुकानात टेबलावर उभं राहायला कुणी उरत नाही आणि वजा साठ्याची यादी वाढत जाते.

एक यंत्र मुद्दाम घेतलं नाही: लेबल छापणारा वजनकाटा. तो सुट्ट्या मालासाठी २१ ने सुरू होणारा १३ आकडी कोड छापू शकतो. उदाहरणार्थ २१००३४२००७५०२, म्हणजे ३४२ क्रमांकाची वस्तू, ७५० ग्रॅम, शेवटी तपासणीचा आकडा. भाजी किंवा मिठाईच्या दुकानाला तो लागतोच. इथे सुट्ट्या वस्तू अठराच होत्या आणि काट्याची किंमत बाकी सगळ्या सामानापेक्षा जास्त. त्याऐवजी त्या वस्तू पाव आणि अर्धा किलोच्या पाकिटांत बांधल्या.

माल दुकानाबाहेर जाताना

गोडा मसाला आणि मेतकूट इतर दुकानांत ठेवायचं ठरलं तेव्हा मात्र दुकानाचा सहा आकडी क्रमांक चालेना, कारण समोरच्या दुकानात तोच क्रमांक दुसऱ्या वस्तूचा असू शकतो. त्यासाठी जीएस१ इंडियाकडे नोंदणी करून स्वतःचे क्रमांक घेतले. १०० ग्रॅम, २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम यांना तीन वेगळे क्रमांक लागतात. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगांना या शुल्काचा काही भाग परत मिळण्याची तरतूद केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत आहे. अर्ज करण्याआधी चालू अटी पाहून घ्याव्यात. बाजारात स्वस्तात सुटे क्रमांक विकणारेही भेटतात. ते क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या नावावर असतात, आणि मोठ्या साखळी दुकानाने किंवा ऑनलाइन विक्रेत्याने पडताळले की माल अडकतो.

पाकिटावर छापायचा ईएएन-१३ मूळ मापात कोऱ्या जागेसह ३७.२९ मिलिमीटर रुंद असतो आणि ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. छपाईवाला जागा वाचवण्यासाठी उंची कापतो आणि डावीकडची कोरी जागा खातो, म्हणून मापं लिहूनच द्यावी लागतात. मसाल्याच्या पाकिटाचा रंग लाल-केशरी. त्यावर काळ्या पट्ट्या पांढऱ्या चौकटीत हव्यात. पांढऱ्यावर लाल पट्ट्या अजिबात नकोत, कारण लाल उजेडाच्या स्कॅनरला लाल पट्टी दिसतच नाही. छपाईचे सिलिंडर बनण्याआधी नमुना मागवून, खऱ्या पाकिटाच्या कागदावर, आत मसाला भरून, दोन वेगळ्या स्कॅनरवर वाचून पाहिला. पहिल्या नमुन्यात पट्ट्या पाकिटाच्या मधल्या शिवणीवर आल्या होत्या. त्या मागच्या बाजूला, खालच्या सीलपासून दोन बोटं वर सरकवल्या आणि मगच छपाईला होकार दिला.